ऑटोक्लेव्हशिवाय पंखाचं कवच : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

वहीचं पहिलं पान. काय करायचं आहे ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे भरकटलो तर इथे परत येता येईल.

छोट्या विमानाच्या पंखाच्या वरच्या कवचाचा एक भाग, आतल्या स्ट्रिंगर पट्ट्यांसकट, सध्या ॲल्युमिनियमचा आहे. तो कार्बन फायबर आणि इपॉक्सी रेझिनचा करायचा. अट एकच, ऑटोक्लेव्ह, म्हणजे आत दाब देता येणारी बंद भट्टी, वापरायचा नाही. व्हॅक्यूम बॅग, ओव्हन, बस. बोइंग ७८७च्या सांगाड्याच्या वजनात निम्मा वाटा कॉम्पोझिटचा आहे, एअरबस ए३५०मध्ये ५३ टक्के, पण त्यांचे मोठे भाग महाकाय ऑटोक्लेव्हमध्ये ६-७ वातावरणांच्या दाबाखाली क्युअर होतात, म्हणजे तापवून त्यांतलं रेझिन घट्ट केलं जातं. आमच्या बॅगेवर दाब हवेचाच, म्हणजे फार तर १ वातावरण. अशक्य नाही. एमसी-२१ या प्रवासी विमानाचा पंख ऑटोक्लेव्हशिवाय, व्हॅक्यूम इन्फ्युजनने, म्हणजे कोरड्या तंतूंत रेझिन ओढून घेऊन, बनतो. आम्ही इन्फ्युजन न करता ओव्हनमध्ये क्युअर होणारं प्रीप्रेग, म्हणजे आधीच रेझिन लावलेले तंतूंचे थर, घेतलं आहे.

वजनाचा हिशेब आज पुन्हा केला, कारण तो नेहमी घाईत केला जातो. ॲल्युमिनियमची घनता २.८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, ताठरपणा ७० गिगापास्कल, भागाकार, म्हणजे वजनाच्या मानाने ताठरपणा, २५. एकाच दिशेत तंतू असलेल्या कार्बन लॅमिनेटची, म्हणजे थरांवर थर चिकटवून बनलेल्या मालाची, घनता १.५८, ताठरपणा १३५च्या आसपास, भागाकार ८५. हा आकडा पाहून सगळे खूश होतात. पण तंतू चारही दिशांना सारखे वाटले की ताठरपणा ५०च्या घरात येतो आणि भागाकार ३२. म्हणजे ॲल्युमिनियमपेक्षा जेमतेम पाव हिस्सा जास्त. चारही दिशांना सारखे थर लावून जुन्याच आकाराचा भाग बनवला, तर हाती काळं ॲल्युमिनियम येतं, तेही महागडं. फायदा तेव्हाच, जेव्हा भार ज्या दिशेने जातो त्या दिशेला तंतू जास्त असतील. तरीही सुरुवात सारख्या वाटणीच्या लॅमिनेटपासूनच करणार आहोत, कारण आघाताच्या प्रमाण चाचण्या त्यावर होतात आणि आकड्यांची तुलना करता येते.

१२ जानेवारी

प्रीप्रेगचा रोल उणे १८ अंशांच्या फ्रीझरमधून सकाळी ८ वाजता बाहेर काढला. सीलबंद पिशवीतच ठेवायचा, बाहेरून दव दिसेनासं होईपर्यंत. घाईने पिशवी उघडली तर खोलीतल्या हवेतलं पाणी थेट थंड प्रीप्रेगवर जमतं आणि रेझिनमध्ये मुरतं. कार्डावर वेळ लिहिली. पिशवी दुपारी १ वाजता उघडली. ५ तास कमी वाटतात, पण हात लावून पाहिलं तेव्हा बाहेरून कोरडी होती.

१५ जानेवारी

पहिले दोन पॅनेल, दोन्ही ६०० गुणिले ६०० मिमी. एक २४ थरांचं, तंतूंच्या दिशांचा क्रम ४५, ०, उणे ४५, ९० अंश, तो तीनदा, मग आरशासारखा उलटा. दुसरं १६ थरांचं, सगळे तंतू एकाच दिशेत, थरांमधली कातरशक्ती, म्हणजे थर एकमेकांवरून सरकायला किती विरोध करतात ते, मोजण्यासाठी.

उलटा क्रम हा सोपस्कार नाही. तंतूच्या दिशेने लॅमिनेट तापल्यावर जवळजवळ वाढतच नाही, आडव्या दिशेने मात्र भरपूर वाढतं. मध्यरेषेच्या दोन्ही बाजू सारख्या नसतील तर ओव्हनमधून निघालेलं पॅनेल थंड होताना पापडासारखं वाकतं, आणि ते नंतर सरळ करता येत नाही.

लेअप, म्हणजे थर रचण्याचं काम, आमच्या अनुभवी कारागीर काकांनी केलं. मी फक्त थर मोजत होतो आणि सोललेल्या फिल्म गोळा करत होतो. आमच्या प्रीप्रेगला एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकची फिल्म. २४ थर लागले तर शेवटी २४ कागद आणि २४ फिल्म मोजून दिसल्या पाहिजेत. एक जरी कमी भरली तरी ती आत राहिली असं समजून पॅनेल उघडायचं. काका हे मोजणं दुसऱ्या कुणावर सोपवत नाहीत, आज माझ्यावर सोपवलं, पण स्वतः पुन्हा मोजलंच. दर ४ थरांनंतर १५ मिनिटं व्हॅक्यूम देऊन थर दाबून घेतले. कडा सीलंट टेपने नीट बंद केल्या. बॅगेची गळती तपासली, पंप तोडल्यावर ५ मिनिटांत काटा हललासुद्धा नाही. रात्री १२० अंशांचं क्युअर सुरू केलं.

१७ जानेवारी

दिसायला पॅनेल सुरेख. सी-स्कॅन, म्हणजे ध्वनिलहरींनी काढलेला आतला नकाशा, वाईट.

५ मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी कडेच्या साधारण ६० मिमी पट्ट्यातून स्वच्छ परत येतात, मधल्या भागात मात्र क्षीण होतात. दोन्ही पॅनेलची तीच तऱ्हा. मी लगेच म्हणालो, रोलमध्ये ओलावा शिरला. आमच्या वरिष्ठ मॅडम म्हणाल्या, "स्कॅनचा रंग बघून कारण सांगू नकोस. आधी कापून बघ."

२२ जानेवारी

कापून पाहिलं. मधल्या भागाची घनता १.५४१. ॲसिडमध्ये रेझिन विरघळवून तंतूंचं वजन काढलं, ६७ टक्के भरलं. तंतूंची घनता १.७८, रेझिनची १.२८ धरली तर पोकळी नसलेल्या लॅमिनेटची घनता १.५७७ यायला हवी. म्हणजे पोकळ्या २.३ टक्के. विमानाच्या मुख्य भागांत साधारण १ टक्क्याच्या आत, फार तर २ टक्के चालवून घेतात. (घनतेत तिसऱ्या दशांशाला ५ची चूक झाली तरी पोकळ्यांचा आकडा ०.३ टक्क्याने हलतो. म्हणून प्रत्येक तुकडा पाण्यात तीनदा तोलला, बुडबुडे ब्रशने झटकून.)

कातरशक्तीसाठी १६ थरांच्या पॅनेलमधून ३ मिमी जाड, ६ मिमी रुंद, १८ मिमी लांब तुकडे घेतले. १२ मिमीच्या अंतरावर टेकवून मधोमध दाबले. सरासरी ७८ मेगापास्कल. पोकळ्यांच्या प्रत्येक टक्क्यामागे ही शक्ती साधारण ७ टक्के घटते असा जुना ठोकताळा आहे.

ओलाव्याचा संशय अजून डोक्यातून जात नाही. १२० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे २ वातावरणं असतो. ऑटोक्लेव्हचा दाब त्याच्या तिप्पट, त्यामुळे वाफ रेझिनमध्येच दबून राहते. आमच्याकडे तिला दाबायला १ वातावरण. आणि पिशवी ५ तासांत उघडलेली, कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं.

२६ जानेवारी

सूक्ष्मदर्शकाखाली पॉलिश केलेले काप. वाफेचे फुगे असते तर गोल, रेझिनभर विखुरलेले दिसले असते. इथे पोकळ्या लांबट, चपट्या, दोन थरांच्या मधल्या रेषेवर झोपलेल्या आहेत. ही अडकलेल्या हवेची खूण. गोल फुगे अगदी थोडे.

२९ जानेवारी

तर्कावर थांबायचं नाही म्हणून त्याच रोलमधून दोन ३०० मिमीची पॅनेल लावली. ओलावा दोघांत तोच, क्युअर तोच, एकाच ओव्हनमध्ये शेजारीशेजारी. फरक फक्त कडांचा. पहिल्याच्या कडा टेपने घट्ट बंद, दुसऱ्याच्या चारही कडांखालून काचेच्या तंतूंचे सुके धागे काढून ब्रीदर कापडापर्यंत, म्हणजे बॅगेतली हवा पंपाकडे जाऊ देणाऱ्या सच्छिद्र कापडापर्यंत, नेले.

कडा बंद : घनता १.५४६, पोकळ्या २.० टक्के.
कडा उघड्या : घनता १.५६८, पोकळ्या ०.६ टक्के.

रोल निर्दोष सुटला, संशय मिटला. आता कारण उलगडतं. ओव्हनमध्ये क्युअर होणाऱ्या या प्रीप्रेगमध्ये रेझिन मुद्दाम पूर्ण मुरवलेलं नसतं. तंतूंच्या मधोमध कोरडी वाट ठेवलेली असते, थरांमधली हवा त्या वाटेने कडेकडे निघून जावी म्हणून. जाडीतून वर तिला जवळजवळ जाताच येत नाही. कडा बंद केल्या की वाटेचं तोंडच बंद. पहिल्या पॅनेलच्या कडा स्वच्छ आणि पोट खराब का, तेही कळलं. कडेजवळची हवा टेपच्या फटीतून कशीबशी निसटली, मधली तिथेच राहिली.

काकांना हे सांगताना मी जरा चाचरत होतो. त्यांनी कडा बंद केल्या त्या वर्षानुवर्षांच्या सवयीने, आणि सवय चुकीची नव्हती. रेझिन बाहेर वाहून जाणाऱ्या जुन्या प्रीप्रेगला कडा घट्ट लावाव्याच लागतात, नाहीतर कडेचे तंतू उपाशी राहतात. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मग धागे किती अंतरावर ठेवायचे ते आत्ताच ठरवू." ५० मिमी ठरलं. त्यांनी सूचनापत्रकावर स्वतःच्या हाताने लिहिलं.

सूचनापत्रकात हे आधी नव्हतं, आणि तो दोष माझा. प्रीप्रेगच्या माहितीपत्रकातलं क्युअरचं कोष्टक मी उतरवून घेतलं, कडांबद्दलचा परिच्छेद वाचला आणि सोडून दिला. ॲल्युमिनियमचा पत्रा आपल्याकडे येतो तेव्हा तो तयार माल असतो, त्याचा आकडा त्याच्याबरोबर येतो. इथे माल आणि भाग एकाच ओव्हनमध्ये, एकाच रात्री तयार होतात. माहितीपत्रकातली शक्ती त्यांच्या बॅगेची आहे, आमच्या नाही.

५ फेब्रुवारी

नवीन मोठी पॅनेल. कडेला धागे, खोलीच्या तापमानाला १६ तास व्हॅक्यूम, मग क्युअर. रोल या वेळी रात्रभर पिशवीत ठेवला. तो निर्दोष ठरला असला तरी ५ तास हा वेळ मला पुन्हा वापरायचा नाही.

सी-स्कॅन कडेपासून मध्यापर्यंत सारखा. घनता १.५६९, पोकळ्या ०.५ टक्के. कातरशक्ती ९० मेगापास्कल.

९ फेब्रुवारी

८ थरांच्या पातळ पॅनेलमधले, दीड मिमी जाडीचे तुकडे आर्द्रता कक्षात ठेवले. ७० अंश, ८५ टक्के आर्द्रता. सोबत १०० मिमीचा एक चौकोनी साथीदार, केवळ वजनासाठी. सुरुवातीचं वजन २३.८६ ग्रॅम.

१६ फेब्रुवारी

दाबशक्तीच्या चाचण्या. ताणाच्या चाचण्यांबद्दल काही लिहित नाही, त्या सरळ झाल्या. दाब हा वेगळा विषय.

कार्बनचा तंतू ७ मायक्रॉनचा, केसाच्या दहाव्या हिश्शाइतका. ताणताना तो स्वतःच्या बळावर ओढला जातो. दाबताना मात्र त्याला वाकू न देण्याचं काम रेझिनचं असतं. तंतू आधीच एखाद-दोन अंश तिरका असला तर तिथूनच तो गुडघ्यात मोडल्यासारखा दुमडतो आणि शेजारच्यांना घेऊन जातो. म्हणून लेअपची सगळी पापं दाबाच्या चाचणीत बाहेर येतात.

२४ थरांच्या पॅनेलचे ९ तुकडे. दोन्ही बाजूंना स्ट्रेन गेज, म्हणजे माल किती दबतो ते मोजणाऱ्या चिकटपट्ट्या, एकमेकांच्या बरोबर पाठीला पाठ. दोन्हींच्या आकड्यांतला फरक तुकडा किती वाकतोय ते सांगतो, आणि वाकण्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या आत हवं.

२ तुकड्यांत ते जास्त निघालं. फिक्स्चरचे, म्हणजे तुकडा पकडणाऱ्या चौकटीचे, स्क्रू सारखे आवळले गेले नव्हते. ते दोन्ही आकडे बाद. ६ तुकडे ४६५ ते ४९५ मेगापास्कलच्या दरम्यान, सरासरी ४८०. आणि एक ३९८.

या एकावर दुपारभर वाद. फिक्स्चर ठीक, वाकणं ४ टक्के, मोड तुकड्याच्या मोजायच्या भागाच्या मधोमध. म्हणजे चाचणी निर्दोष. कापाचा नकाशा काढला तर तो तुकडा बॅगेची घडी जिथे पडली होती बरोबर त्याखालचा. तुटलेल्या टोकापासून थोडं दूर पॉलिश करून पाहिलं, वरचे ३ थर लाटेसारखे उचललेले. कारण सापडलं तर आकडा काढून टाकता येईल, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं. मला ते पटत नाही. त्या दोन तुकड्यांत चाचणी चुकली होती, इथे माल चुकला आहे. आणि तसाच माल उद्या पंखात लागू शकतो. घडी पडू नये म्हणून पुढच्या पॅनेलवर बॅगेखाली कॉल प्लेट, म्हणजे एक सपाट पत्रा, ठेवू, पण ३९८ वहीत राहील. मॅडमनी पानावर सही केली.

(डिझाइनला वापरायचा आकडा ही सरासरी नसतेच. बी-बेसिस म्हणजे असा आकडा, की मालाचे किमान ९० टक्के नमुने त्याच्या वर असतील असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येईल. एकाच मार्गावर भार असेल तर ए-बेसिस, तिथे ९० ऐवजी ९९. एका रोलमधून यातला कुठलाच आकडा काढायचा नाही. वेगवेगळ्या बॅच लागतात, वेगवेगळ्या दिवशी क्युअर केलेल्या. आत्ता आम्ही करतोय ती फक्त चाळणी आहे.)

२४ फेब्रुवारी

आघात. या चाचणीसाठी मी प्रकल्पात आलो, असं म्हटलं तरी चालेल.

१९७० साली रोल्स-रॉइसच्या आरबी२११ इंजिनाची कार्बन फायबरची पंख्याची पाती पक्षी आदळण्याच्या चाचणीत टिकली नाहीत. पाती टायटॅनियमची करावी लागली आणि फेब्रुवारी १९७१मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. ताणात उत्तम असलेला माल आडव्या आघाताला किती हळवा असतो, हे तेव्हा सगळ्या उद्योगाला कळलं. पुढे १९९५ साली सेवेत आलेल्या जीई९० इंजिनात कॉम्पोझिट पाती यशस्वी झाली, पण त्यांच्या पुढच्या कडेला टायटॅनियम आहे.

आमचा आघात त्या मानाने किरकोळ. हातातून निसटलेलं अवजार, धावपट्टीवरचा उडालेला खडा. १०० गुणिले १५० मिमीचे तुकडे, जाडी ४.५६ मिमी. प्रमाण पद्धतीत जाडीच्या दर मिमीला ६.७ जूल, म्हणजे ३०.६ जूल. ५.५ किलोचं वजन, १६ मिमी व्यासाचं गोल टोक, ५६६ मिमी उंचीवरून. वजन उसळल्यावर दुसऱ्यांदा आदळू नये म्हणून ते हवेतच पकडावं लागतं. ते पकडायला पहिल्या तुकड्यावर जमलं नाही, तो तुकडा बाद.

समोरून खड्डा ०.३ मिमी. हात लांब ठेवून बघितलं तर दिसत नाही, बोट फिरवलं तर जाणवतो. मागे तंतूंच्या दिशेने एक चीर, पंखात ती आतल्या बाजूला असते, कुणाला दिसणार नाही. आणि सी-स्कॅनमध्ये ३८ मिमी व्यासाचा डाग. थराथराने पाहिलं तर प्रत्येक दोन थरांच्या मध्ये एक सुटलेली जागा, शेंगदाण्याच्या आकाराची, खालच्या थराच्या तंतूंच्या दिशेने लांबलेली, आणि दर थराला ४५ अंशांनी वळत गेलेली, गोल जिन्यासारखी. आघाताच्या बाजूला अरुंद, मागे रुंद होत गेलेली.

ॲल्युमिनियमला एवढा मार बसला असता तर तो पोचला असता आणि पोचा दिसला असता. कार्बन लॅमिनेट पोचत नाही, आतून सुटतं आणि वरून शहाण्यासारखं दिसतं. म्हणूनच प्रमाणीकरणाचा नियम असा, की जेमतेम दिसेल इतकी इजा घेऊनही भागाने पूर्ण अंतिम भार पेलला पाहिजे. तपासणीत ती सापडेल असं धरायचं नाही.

२ मार्च

आघात झालेले तुकडे दाबून पाहिले. ६ तुकडे, सरासरी १९५ मेगापास्कल, प्रमाण विचलन ९. धड तुकड्यांची सरासरी ४८०. म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या इजेने ५९ टक्के शक्ती नेली.

माहीत होतं. शिकताना आलेख पाहिले होते, साधारण हाच आकडा अपेक्षित होता. तरी स्वतःच्या हाताने बनवलेल्या पॅनेलचा तो आवाज ऐकणं वेगळं. आधी बारीक करकर, सुटलेले पातळ थर एकेकटे बाहेर फुगतात, डाग दोन्ही कडांकडे पसरतो, आणि मग एकदम धाड. ४८०चा आकडा पाहून जो कवचाची जाडी ठरवेल, त्याला हा आवाज एकदा ऐकवावा असं वाटलं.

हा आकडा आता कवचाची जाडी ठरवणार. ताठरपणातून मिळालेल्या वजनाच्या बचतीतला मोठा वाटा इथे परत द्यावा लागेल.

१० मार्च

दोन्ही बाजूंचा सर्वांत बाहेरचा थर विणलेल्या कापडाचा करून पाहिला, तंतू अधिक-उणे ४५ अंशांत. मागची चीर जवळजवळ नाहीशी झाली, डाग ३८वरून ३३ मिमी. नंतरची दाबशक्ती २०४. अहवालात "सुधारणा" हा शब्द लिहायला नकार दिला. विचलन ९ असताना ९चा फरक, तोही ६ तुकड्यांवर, काहीच सिद्ध करत नाही. कापडाचा थर ठेवतो आहोत, पण वेगळ्या कारणाने. भोक पाडताना मागचे तंतू फाटत नाहीत.

पंखातल्या ॲल्युमिनियमच्या रिबला, म्हणजे आडव्या आधाराला, टेकणाऱ्या पट्ट्यात मात्र बाहेरचा थर काचेच्या कापडाचा करायचा आहे. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागले आणि मध्ये पाणी आलं की बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

१८ मार्च

पाच आठवड्यांनी कक्षातला साथीदार २४.०९ ग्रॅम. वाढ ०.९६ टक्के, गेल्या आठवड्यात नगण्य. पाणी मुरायचं तेवढं मुरलं.

ओल्या तुकड्यांचं काचसंक्रमण तापमान मोजलं, म्हणजे रेझिन ताठपणा सोडायला लागतं ते तापमान. कोरडं १३२ अंश आलं होतं. ओलं १०६.

वापराची मर्यादा ओल्या आकड्याच्या २८ अंश खाली धरतात. म्हणजे ७८. उन्हात उभ्या विमानाच्या पंखासाठी आम्ही ८२ अंश धरले आहेत, जे या क्षेत्रात सर्रास धरतात. ४ अंश कमी पडले.

४ अंश म्हणजे फार नाहीत, पांढरा रंग दिला की पंख एवढा तापत नाही, असं बैठकीत कुणीतरी म्हणालं. पांढरा रंग तर द्यायचाच आहे. पण रंग हे मर्यादेच्या आतलं राखीव असावं, मर्यादेची टेकणी नव्हे. आणि गरम-ओल्या स्थितीत आधी हरतं ते रेझिन, म्हणजे दाबशक्तीच. जिथे आपण आधीच ५९ टक्के गमावून बसलो आहोत तिथे मला सूट घ्यायची नाही.

उपाय माहीत आहे, पोस्ट-क्युअर, म्हणजे क्युअर झालेला भाग पुन्हा जास्त तापमानाला तापवणं. पण मग जानेवारीपासूनचे सगळे आकडे वेगळ्या मालाचे ठरतात. ओली चाचणी वेळखाऊ म्हणून आम्ही ती शेवटी ठेवली. वेळखाऊ होती म्हणूनच ती पहिल्या आठवड्यात सुरू व्हायला हवी होती. हे पुढच्या प्रकल्पाच्या योजनेत लिहून टाकलं.

२३ मार्च

पोस्ट-क्युअर. साच्यातून काढलेलं पॅनेल नुसत्या जाळीवर, १८० अंशांना २ तास. तापवायचं मात्र मिनिटाला ०.३ अंशाने, म्हणजे वर जायलाच सुमारे ९ तास. तापमान वाढतं तसं रेझिन अजून जुळत जातं आणि त्याची सहनशक्ती वर सरकते. ओव्हन तिच्या पुढे धावला तर पॅनेल स्वतःच्या वजनाने लवतं. रात्री दोनदा उठून आलेख पाहिला. सकाळी सपाटी मोजली, ६०० मिमीत ०.४ मिमी. उत्तम.

नवे तुकडे कापून त्याच संध्याकाळी आर्द्रता कक्षात ठेवले. एक दिवसही थांबलो नाही.

२७ एप्रिल

पोस्ट-क्युअर झालेल्या मालाचं ओलं काचसंक्रमण तापमान १५१. मर्यादा १२३, गरज ८२.

मधल्या पाच आठवड्यांत जुन्या सगळ्या चाचण्या पुन्हा केल्या. कोरडी कातरशक्ती ८९, म्हणजे फरक नाही. दाबशक्ती ४७६, कॉल प्लेटमुळे लाट नाही आणि सर्वांत खालचा आकडा ४५८. आघातानंतर १९१. रेझिन थोडं ठिसूळ होईल ही भीती होती, तसं विचलनाबाहेर काही दिसत नाही. ओल्या तुकड्यांची ८२ अंशांना कातरशक्ती ५६. कोरड्या-थंड आकड्याच्या ६३ टक्के. डिझाइन याच आकड्यावर.

६ मे

तुकड्यांवरून पहिल्यांदा खऱ्या आकाराकडे. ३ मिमी कवच, मधोमध एक उभा स्ट्रिंगर, कवचाबरोबरच क्युअर केलेला. मर्यादा भार, म्हणजे वापरात येऊ शकणारा सर्वांत मोठा भार, ६० किलोन्यूटन, अंतिम त्याच्या दीडपट, ९०. मर्यादा भाराखाली कवच लाटू नये, म्हणजे लाटेसारखं वाकू नये, अंतिम भाराला काही तुटू नये.

६४ला कवच लाटलं. ठीक. ८६ला स्ट्रिंगरचं टोक कवचापासून उचललं आणि साखळी उघडावी तसं सर्रकन मध्यापर्यंत सुटत आलं.

९०ला ४ कमी. पण मोड पाहून मला वाईट वाटलं नाही, कारण तो स्वच्छ बोलतो. तंतू एकही तुटलेला नाही. स्ट्रिंगर जिथे अचानक संपतो तिथे त्याचा सगळा ताठरपणा एका रेषेत संपतो, आणि ती रेष कवचाला वर ओढते. लॅमिनेट या दिशेलाच सर्वांत दुबळं, कारण इथे तंतू नाहीतच, फक्त रेझिन. बोल्ट मारून ते टोक दाबून ठेवता येतं, पण प्रत्येक बोल्ट म्हणजे वजन आणि एक भोक.

काका टोक हातात घेऊन म्हणाले, "एवढं उभं का संपवलंत? उतरतं करा." ड्रॉइंगमध्ये पर्याय म्हणून होतंच, कापायला सोपं म्हणून सरळ टोक घेतलं होतं.

२१ मे

दुसरा नमुना. स्ट्रिंगरचं टोक शेवटच्या ९० मिमीत उतरतं, तळपट्टीचे थर एकामागून एक संपवलेले, एकदम नाही. लाटणं ६५ला. अंतिम भार ९० पेलला, तीन सेकंद धरून ठेवला, काही आवाज नाही. पुढे वाढवत नेला, १०१ला सुटलं, या वेळी टोकापाशी नाही तर कवचाची लाट जिथे सर्वांत उंच होती तिथे.

वजन केलं. ॲल्युमिनियमच्या तोडीस तोड भागापेक्षा २१ टक्के हलका. पहिल्या दिवशीच्या ८५ आणि २५च्या भागाकारापासून हा आकडा फार खाली आहे. पण हा आमच्या बॅगेचा आहे, आमच्या ओव्हनचा, ओल्या आणि मार खाल्लेल्या मालाच्या हिशेबातून आलेला. यावर मी सही करीन.

२५ मे

तिसरा नमुना, दुसऱ्यासारखाच, कवचावर आघात करून आर्द्रता कक्षात ठेवला. ओलावा मुरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. दीड मिमीला पाच आठवडे लागले, ३ मिमीला चौपट, म्हणजे वीस. शेजारी त्याच पॅनेलमधला १०० मिमीचा साथीदार, कडा पॉलिश केलेला, ४७.१२ ग्रॅम. पुढचं वजन १ जूनला.